तुम्ही विचारलंत म्हणून : झिरो माइल भारताच्या मध्यावर आहे का?

नागपूरला आलेले पाहुणे विधानभवनाजवळ झिरो माइल बघायला जातात. खांबापाशी, चार घोड्यांपाशी फोटो काढून झाले की मला विचारतात, "तुम्ही भूगोल शिकवता ना? मग सांगा, देशाचा मध्य खरंच इथे आहे?"

नाही. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशच्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी गाव दाखवतात. आपला दगड म्हणजे देश मोजणाऱ्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणातली उंचीची खूण आहे. १९०७ साल आणि समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, हे त्याचं खरं सांगणं, आणि मला ते मध्यापेक्षा मोलाचं वाटतं. या सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्ब्टन नागपूरकडे येताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. मुलांना मी ते आवर्जून सांगते.

मध्य काढायला पुठ्ठा पुरतो. नकाशा चिकटवून कापायचा, काठाशी भोक पाडून टाचणीला टांगायचा, ओळंबा सोडून रेघ मारायची. दुसऱ्या भोकातून पुन्हा तसंच. रेघा छेदतात तिथे पुठ्ठा पेन्सिलीच्या टोकावर तोलून राहतो. अमेरिकेत १९१८ मध्ये असाच पुठ्ठा तोलून कॅन्ससमधल्या लेबननजवळची जागा ठरवली होती.

माणसांचा मध्य मात्र निराळा. त्यासाठी मी फळ्यावर कावड काढते. एका टोकाला नागपूर जिल्हा, दुसऱ्या टोकाला गडचिरोली. क्षेत्रफळ टांगलं तर गडचिरोली जड : साधारण १४,४०० चौरस किलोमीटर, नागपूर ९,९००च्या आसपास. खांदा अर्ध्याच्याही पुढे, गडचिरोलीकडे सरकतो. आता २०११ची माणसं टांगा. नागपूर साडेशेहेचाळीस लाख, गडचिरोली पावणेअकरा लाख. खांदा मागे येतो तो थेट नागपूरपासून पाचव्या हिश्शाच्याही आत. जिल्हे तेच, काठी तीच. दवाखाना कुठे बांधायचा हे कोणत्या कावडीवर ठरवणार, असं मी विचारते तेव्हा वर्ग शांत होतो. गडचिरोलीच्या मुली तर फळ्यावरून नजर हलवत नाहीत.

पूर्ण देशाचं गणितही असंच : प्रत्येक ठिकाणचा अक्षांश गुणिले तिथली माणसं, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण लोकसंख्या. रेखांशाचंही तसंच, फक्त उत्तरेकडे रेखांश जवळ येतात म्हणून थोडी दुरुस्ती. अमेरिकेत हा बिंदू १७९० मध्ये मेरीलँडमध्ये होता, २०२० मध्ये मिसूरीत, हार्टव्हिलजवळ. पश्चिमेला गेलेल्या माणसांनी तो ओढत नेला.

माझी कावड अजून २०११च्याच आकड्यांवर आहे. नवी जनगणना आली की फळा पुसून पुन्हा मांडणार आहे.