मॅडम, गोळी वाढवून द्या ना

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात नुसता गोंधळ असतो, त्यात कोपऱ्यातल्या बेडवरच्या आजींचा मुलगा केसपेपरवर बोट ठेवून उभा, मॅडम बीपी 168 आहे बघा, गोळी वाढवून द्या ना. आजी पंचाहत्तरीच्या, न्यूमोनियाने आलेल्या, आता ताप गेलेला. पण शेजारचा पेशंट रात्रभर खोकत होता, आजींचा डोळ्याला डोळा नाही, आणि पहाटे बीपी घेतलं तेही स्वेटरच्या बाहीवरून. त्या 168 ला काय अर्थ?

तरी आमच्यात सवयच आहे, आकडा जास्त दिसला की जाताजाता गोळी वाढवायची, नातेवाईकही खूश. अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधला 2019 चा अभ्यास आहे, न्यूमोनिया वगैरेसाठी ॲडमिट झालेले 65 च्या पुढचे पेशंट, त्यातले बीपीची औषधं वाढवून घरी पाठवलेले महिनाभरात जास्त परत आले, आणि वर्षभरात हार्टचा त्रास काही कमी झाला नाही.

म्हटलं आधी घरच्या गोळ्या दाखवा. पिशवी बेडवर उलटी केली तर बीपीच्या गोळ्यांच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, एक गावातल्या डॉक्टरांची, एक तालुक्याच्या, दोन्हीत टेल्मिसार्टन 40, एकीत जोडीला ॲम्लोडिपिन, आणि आजी इमानदारीत दोन्ही घेतायत, एक सकाळची एक रात्रीची! वर गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक, जी बीपी पण वाढवते आणि टेल्मिसार्टनसोबत किडनीला पण जड.

मग आजींना लघवीला जाऊन यायला सांगितलं, पाच मिनिटं शांत झोपवलं, बाही वर करून बीपी घेतलं तर 146. उभं केलं तर 118, "अगं बाई, अंधारी येतीय." वॉर्डात कॉम्बिनेशनची एकच गोळी चालू असताना हे, घरी दोन्ही घेऊन रात्री अंगणातल्या संडासला उठल्या असत्या तर खुबाच मोडला असता.

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम नीट होतं. कार्डवर साधी टेल्मिसार्टन 40 सकाळी एक, बाकीच्या पट्ट्यांवर मार्करने मोठ्ठं "बंद", गुडघ्याला पॅरासिटामॉल, आठवड्याने उपकेंद्रात बसून आणि उभं राहून बीपी. मुलगा घुश्शात, वाढवा म्हटलं तर कमीच केली. आठवड्याने तिथल्या सिस्टरचा फोन, बसून 138, उभ्याने 130, चक्कर नाही, पण गुडघ्याची गोळी बंद केली म्हणून आजी तुमच्या नावाने शंख करतायत.