थेंबभर माप

मेडिकलच्या दुकानात दुपारी गर्दी ओसरली की एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी खिशातून दम्याचा पंप काढतं, कानाशी नेऊन खुळखुळवतं, आतला आवाज ऐकतं आणि सांगतं, "आहे अजून, राहू दे." दुकानदार काढलेला खोका परत फळीवर ठेवतो. दोघांचंही समाधान.

आहे म्हणजे काय आहे? सालब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका मोकळी करणारं औषध, त्याच्या पंपातल्या नेहमीच्या धातूच्या डबीचा हिशेब करून बघा. एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम औषध आणि असे २०० दाब. म्हणजे अख्ख्या डबीत मिळून औषध २० मिलिग्रॅमच्या आसपास. चिमटीत धरायला गेलं तर सापडणार नाही. खुळखुळतं ते प्रोपेलंट, म्हणजे दाबाखाली द्रव होऊन बसलेला वायू. तो कुठल्या डबीत सात ग्रॅम असतो, कुठल्या डबीत अठरा. त्यात औषधाची बारीक भुकटी तरंगत असते. शेवटचा दाबही पुरा भरावा म्हणून हा माल मुळातच थोडा जास्त भरलेला असतो. त्यामुळे दोनशे संपले तरी डबी खुळखुळते, दाबली की फुसकन आवाज करते, घशाला गारवाही लागतो. फक्त त्या फवाऱ्यात औषध किती, याचा भरवसा उरलेला नसतो. डबी पाण्यात टाकून तरंगते की बुडते हे बघायचा जुना उपाय तर त्याहून वाईट. त्यातून कळत काहीच नाही, वर व्हॉल्व्हमध्ये पाणी जातं.

आकडा दाखवणारे पंप आता मिळतात, ते घ्यावेत. तो काउंटर बनवणाऱ्यांपुढे एक पेच असतो. फवारा उडाला पण आकडा सरकला नाही, तर डबी रिकामी होऊनही पेशंटला ती भरलेली वाटणार. आकडा सरकला पण फवारा उडाला नाही, तर एक डोस वाया. यातली दुसरी चूक परवडते, म्हणून डबी खाली दाबताना आकडा आधी सरकेल आणि फवारा मग उडेल अशीच रचना करतात. पण आकडा प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर असेल आणि त्यात दुसरी डबी घातली, तर तो आकडा कुठल्याच डबीचा राहत नाही. काउंटर नसेल तर साधा उपाय आहे: दिवसाला चार दाब घेणाऱ्याची डबी पन्नास दिवसांत संपते. सुरू केल्याची तारीख मार्करने डबीवर लिहावी आणि कानाला त्रास देऊ नये.

या सगळ्या यंत्रात माझा जीव जडलाय तो व्हॉल्व्हवर. डबीच्या तोंडाशी, टोपीत घट्ट दाबून बसवलेली एक इवलीशी कोठडी असते. तिच्यात मावतं २५ ते १०० मायक्रोलिटर; पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. कोठडीतून एक पोकळ दांडी जाते, दोन्ही टोकांना रबराच्या चकत्या, मागे स्प्रिंग. एरवी कोठडी डबीच्या बाजूने उघडी आणि बाहेरच्या बाजूने बंद. दाबलं की आधी आतली वाट बंद होते, क्षणभर दोन्ही वाटा बंद राहतात, मग बाहेरची उघडते आणि थेंब निसटतो. बोट उचललं की हाच क्रम उलटा: बाहेरची बंद, आतली उघडी, कोठडी पुन्हा भरली. दोन्ही वाटा चुकून एकाच वेळी उघडल्या तर अख्खी डबी एका दमात रिकामी होईल. तसं होत नाही. कित्येक रबरं आणि धातू तपासून कुणीतरी त्या चकत्या ठरवलेल्या असतात, कारण प्रोपेलंट बदललं की रबर फुगतं किंवा आक्रसतं, आणि मग व्हॉल्व्ह अडकतो नाहीतर गळतो. मॉन्ट्रिअल करारानंतर ओझोन खाणारी सीएफसी ही जुनी प्रोपेलंट काढून ओझोनला न छळणारं एचएफए आणायचं ठरलं, तेव्हा नुसता वायू बदलून भागलं नाही. व्हॉल्व्ह, रबर, औषध तरंगत ठेवणारी रसायनं, सगळं नव्याने मांडावं लागलं. करार १९८७चा, अमेरिकेत पहिल्या सीएफसीविरहित पंपाला मंजुरी मिळाली १९९६ साली.

या रचनेतून एक गोष्ट निघते, ती खोक्यातल्या कागदावर कुणी धड सांगत नाही. आत्ता ओढलेला डोस मागच्या खेपेला बोट उचलताना भरलेला असतो. आणि आत्ता बोट कसं उचलता, यावर पुढचा डोस ठरतो. डबी वर आणि तोंड खाली, असाच पंप धरून बोट सोडायला हवं. अंथरुणात आडवं पडल्या पडल्या दाबून तसंच सोडलं, तर कोठडीत द्रवाऐवजी वायू शिरतो. दूधवाल्याने चरवी कलंडवून माप बुडवल्यासारखं. पुढच्या वेळी आवाज तोच, औषध कमी. पंप बरेच दिवस पडून राहिला तरी कोठडीतला माल खाली बसतो किंवा परत डबीत जातो. म्हणून नव्या किंवा पडून राहिलेल्या पंपाचे पहिले दोन-चार दाब हवेत सोडायचे. नेमके किती, ते त्या त्या पंपाच्या कागदावर असतं. रोज "चालतोय ना" म्हणून एक दाब हवेत उडवणारे मात्र महिन्याला तीसेक डोस पंख्याला पाजतात.

दांडीतून सुटलेला थेंब प्लॅस्टिकच्या सांगाड्यातल्या एका भोकातून बाहेर पडतो. भोक जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर. आतलं प्रोपेलंट उणे २६ अंशाला उकळणारं, आपल्या खोलीच्या तापमानाला पाच-सहा वातावरणांच्या दाबाखाली कोंडलेलं. बाहेर पडताच ते फुटतं, उडून जातं आणि मागे औषधाचे कण उरतात. फुप्फुसात खोलवर पोचायला कण १ ते ५ मायक्रॉनचे लागतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून मोठे किंवा फार वेगात आलेले कण घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच राहतात. नुसता पंप वापरला तर औषधाचा मोठा वाटा घशातच संपतो. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला सांगतात ती याच्यासाठी.

हे भोक बुजतं. पांढरा थर जमतो, फवारा वाकडा जातो, मग बारीक होतो. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा धातूची डबी काढून ठेवायची, नुसतं प्लॅस्टिक कोमट पाण्याच्या धारेखाली वरून अर्धा मिनिट, खालून अर्धा मिनिट धरायचं, झटकायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. डबीला पाणी नको. टाचणी तर अजिबात नको. टाचणीने भोक मोकळं होतं तसं मोठंही होतं, आणि भोक मोठं झालं की कण मोठे होतात. चकचकीत टाचणी घेऊन पंप कोरत बसलेला माणूस दिसला की मला उगाचच पुढे होऊन त्याचा हात धरावासा वाटतो.

या यंत्राचा जन्म एका मुलीच्या कुरकुरीतून झाला. १९५५ साल, अमेरिका. रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या सूझीला दमा होता. तेव्हा औषध काचेच्या नेब्युलायझरमधून, रबरी फुगा दाबत घ्यावं लागे. केसांचा स्प्रे डबीतून येतो तसं माझं औषध का येत नाही, असं तिने विचारलं. वडिलांनी प्रश्न घरात न ठेवता प्रयोगशाळेत नेला. अर्व्हिंग पोरुश यांनी जुना आइस्क्रीमचा फ्रीझर, बाटल्यांना बुचं मारायचं यंत्र आणि काचेच्या कुप्या घेऊन जुळणी केली. मोजून थेंब सोडणारा व्हॉल्व्ह फिलिप मेशबर्ग यांनी मुळात अत्तरासाठी केलेला होता, तो इथे कामी आला. १९५६ साली माल बाजारात! आजच्या मंजुऱ्यांचा कारभार पाहता हे वाचून हसू येतं.

दाबणं आणि ओढणं यांचा मेळ मात्र सूझीच्या पंपातही अवघड होता आणि आजही आहे. सावकाश श्वास ओढायला सुरुवात करायची, लगेच दाबायचं, चार-पाच सेकंद ओढत राहायचं, दहा सेकंद रोखायचं. गार फवारा घशाला लागला की कित्येकांचा श्वास तिथेच थांबतो. दाबायला दोन-तीन किलोंचा जोर लागतो, आणि संधिवाताच्या बोटांना तो जड जातो. यावर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचं पोकळ नळकांडं, हे फार साधं उत्तर आहे. फवारा आधी रिकाम्या जागेत जातो, वेग मरतो, मोठे कण भिंतींना चिकटतात, बारीक कण सावकाश ओढता येतात. एका वेळी एकच दाब. दोन-तीन एकदम मारले तर कण एकमेकांना धरून खाली बसतात. स्पेसर कोरड्या फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज चढते आणि औषध भिंतीलाच जातं. भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवावा आणि न पुसता वाळत ठेवावा. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केपटाउनला मुलांवर तपासून १९९९ साली दाखवलं, की पाण्याची ५०० मिलिलिटरची प्लॅस्टिक बाटली, बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक आणि सांधा नीट बंद केलेला, एवढ्यावर विकतच्या स्पेसरइतकंच काम होतं. सांधा उघडा ठेवला तर फायदा कमी. थर्मोकोलचा कप फारसा उपयोगी पडला नाही.

कोरडी भुकटी ओढायच्या इनहेलरची तऱ्हा निराळी. तिथे प्रोपेलंट नाही, इंजिन म्हणजे पेशंटची छाती. रॉजर आल्टूनियन हे स्वतः दमेकरी डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक. प्राण्यांच्या केसांचा अर्क हुंगून ते स्वतःवर दम्याचा झटका आणत आणि मग औषध तपासत. त्यांच्या स्पिनहेलरमध्ये टोचलेली कॅप्सूल पंख्याच्या पात्यावर बसून श्वासाने गरगर फिरे. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो रोटाहेलर. चौकोनी भोकात कॅप्सूल, पारदर्शक टोक खाली. उभा धरून तळ फिरवला की दोन तुकडे होतात आणि भुकटी मोकळी होते. सालब्युटामॉलच्या कॅप्सूलमध्ये २०० मायक्रोग्रॅम औषधासोबत २५ मिलिग्रॅमच्या घरात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, कारण मायक्रॉनभर कण एकटे वाहत नाहीत, लॅक्टोजच्या जाड कणांना चिकटून बसतात. त्यांना सोडवायचं ते ओढीच्या झटक्याने. म्हणून इथे जोरात, पहिल्यापासून जोरात. पंपाला सावकाश, भुकटीला जोरात. दोन्ही एकाच घरात असली की हमखास उलटापालट होते.

जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये १३ ते १६ टक्के पाणी मुरलेलं असतं. कोकणच्या पावसात डबीचं झाकण उघडं राहिलं, की ती मऊ पडते, फिरवली तरी तुटत नाही, नुसती चेपते. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटं, तडकून तुकडे होतात. ते तोंडात जाऊ नयेत म्हणून आत जाळी असते. रोटाहेलरमध्ये उच्छ्वास सोडला तर भुकटी ओली होऊन तिथेच गोळा होते. आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे तर प्रत्येक देशात सापडतात.

एक मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. पंपाचं टोपण. टोपणाविना खिशात किंवा पर्समध्ये टाकलेल्या पंपाच्या तोंडात नाणं, बटण, गोळीच्या पाकिटाचा तुकडा जाऊन बसतो आणि पहिल्याच ओढीबरोबर थेट श्वासनलिकेत जातो. अशा घटना नोंदवल्या गेल्या आहेत. ओढण्याआधी तोंडात एकदा डोकावून बघावं, पंप हलवून सुटं काही वाजतंय का पाहावं. टोपण हरवू नये म्हणून काही कंपन्यांनी ते पट्टीने सांगाड्यालाच जोडलंय. लोक ती पट्टी मध्ये येते म्हणून कात्रीने कापून टाकतात. आता यावर काय बोलणार.