डॉक्टर आमदार झाला की पहिला प्रश्न : हे हॉस्पिटल कुणाचं?

परळला केईएम हॉस्पिटलच्या फाटकात उभं राहून आजूबाजूला पाहा. केईएम महापालिकेचं. जवळच टाटा मेमोरियल, ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली. वाडिया रुग्णालय ट्रस्टचं. महात्मा गांधी स्मारक रुग्णालय कामगार विमा योजनेचं. चालत फिरता येईल एवढ्या परिसरात चार मालक. पेशंटच्या नातेवाइकाला हा फरक माहीत असायची गरज नाही. पण डॉक्टरकी करून विधानसभेत गेलेल्या माणसाला तो माहीत नसेल, तर त्याची पहिली काही अधिवेशनं फुकट जातात.

मुंबईतून 36 आमदार निवडून जातात. त्यांत कुणी डॉक्टर असला की लोकांना वाटतं, आता दवाखाने सुधारणार. अपेक्षा रास्त आहे. अशी माणसं या शहराने पाहिलीही आहेत. डॉ. जीवराज मेहता 1925 ते 1942 केईएम आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे डीन होते. कॉलेजच्या देणगीदारांची अटच होती की शिकवणारे भारतीय असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. ती अट निभावून त्यांनी संस्था उभी केली, पुढे मुंबई राज्याचे अर्थमंत्री झाले आणि 1960 साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. डॉ. दत्ता सामंत केईएममध्येच शिकले. घाटकोपरच्या पंतनगरात त्यांचा दवाखाना होता, खाणीतले कामगार तिथे येत. त्या कामगारांच्या प्रश्नांतूनच ते युनियनकडे वळले आणि 1972 साली आमदार झाले. दोघांचे मार्ग अगदी वेगळे, पण राजकारणात येण्याआधी एकाला संस्था आतून माहीत होती आणि दुसऱ्याला पेशंटचं घर.

उमेदवारी अर्जाचं थोडक्यात. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5,000. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. खर्चमर्यादा 40 लाख, त्यासाठी वेगळं बँक खातं, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब. डॉक्टर अडकतात ते दुसरीकडेच. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरने राजीनामा नुसता दिलेला पुरत नाही, छाननीच्या दिवसाआधी तो मंजूर झालेला लागतो. चौकशी किंवा सरकारचं येणं बाकी असेल तर फाइल टेबलावरच राहते. म्हणून हे काम काही महिने आधी उरकावं. ज्याची स्वतःची औषधपुरवठ्याची एजन्सी आहे आणि सरकारशी कंत्राट चालू आहे, त्याने वकिलाला आधी गाठावं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्यावर अपात्रता आहे. आणि आचारसंहिता लागल्यावर मोफत शिबिर घेऊन चष्मे वाटणं म्हणजे सरळ मतदारांना आमिष. वर्षानुवर्षं शिबिरं घेणाऱ्या सज्जन डॉक्टरांच्याही हे ध्यानात येत नाही.

आता सभागृह. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं त्या प्रश्नाचा, साचा ठरलेला असतो : (1) अमुक घडले हे खरे आहे काय; (2) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय. नवे आमदार लिहितात, “मुंबईतील रुग्णालयांत औषधांचा तीव्र तुटवडा आहे, हे खरे आहे काय?” उत्तर येतं, “हे खरे नाही.” पुढच्या दोन्हींना, “प्रश्न उद्भवत नाही.” झालं, विषय संपला. खातं खोटं बोललं असंही म्हणता येत नाही, कारण ‘तीव्र’ म्हणजे किती हे विचारलंच नव्हतं.

इथे डॉक्टरकी कामाला येते. ‘पेशंटला ताप आहे’ एवढ्यावर कुणी उपचार लिहीत नाही, तसंच हे. एक रुग्णालय घ्या, एक औषध घ्या, तारखा घाला. अमुक रुग्णालयात कुत्रा चावलेल्यांना द्यायचं रेबीज इम्युनोग्लोब्युलिन अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शिल्लक नव्हतं, नातेवाइकांना बाहेरून आणायला चिठ्ठी दिली, हे खरे आहे काय? याला ‘खरे नाही’ म्हणायला स्टोअरचं रजिस्टर आडवं येतं. निदान ‘अंशतः खरे आहे’ लिहावंच लागतं, आणि मग दुसरा-तिसरा भाग जिवंत राहतो.

पण प्रश्न पाठवायचा कुणाकडे? जेजे, सेंट जॉर्जेस, जीटी (गोकुळदास तेजपाल), कामा ही रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. ठाण्याचं मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. केईएम, सायन, नायर, कूपर महापालिकेची, म्हणजे मंत्रालयात नगरविकास. औषधखरेदीही वेगळी : राज्याच्या रुग्णालयांसाठी आधी हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत व्हायची, आता वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे, तर महापालिकेचं स्वतःचं मध्यवर्ती खरेदी खातं. सायनमधल्या तुटवड्याचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांच्या नावाने गेला की तो या खात्यातून त्या खात्यात फिरतो आणि तोवर अधिवेशन उठतं.

आमदारनिधीतही असंच. वर्षाला 5 कोटी ऐकायला मोठे वाटतात आणि डॉक्टर आमदाराचा हात पहिला मशिनकडे जातो. एक्स-रे मशिनच घ्या. मशिन येण्याआधी खोली हवी : 9 इंची विटांची भिंत किंवा तेवढंच संरक्षण देणारं शिसं, दाराला शिशाचा पत्रा. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी. पुरेशा दाबाची वीजजोडणी हवी. आणि मुख्य म्हणजे मंजूर पदावरचा तंत्रज्ञ हवा. निधीतून मशिन घेता येतं, तंत्रज्ञाचा पगार देता येत नाही, देखभालीचा वार्षिक करारही करता येत नाही. सोनोग्राफीला त्याहून जास्त काळजी लागते. सोनोग्राफी केंद्राची गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी नसेल तर कंपनीला मशिन पुरवताच येत नाही. म्हणून क्रम उलटा हवा : आधी पद, मग खोली, मग परवानगी, शेवटी मशिन. फीत कापायला उशीर होतो, हे खरं. पण प्लास्टिकच्या आवरणात पडून राहिलेलं मशिन पाहिलं की जीव तुटतो, कारण त्याच दारातून पेशंट बाहेर पैसे भरून एक्स-रे काढायला जात असतात.

रोज कार्यालयात येणाऱ्या गर्दीतला मोठा भाग मात्र वेगळंच मागतो : “साहेब, हॉस्पिटलला एक फोन करा, बिल कमी करायला सांगा.” धर्मादाय, म्हणजे ट्रस्टने चालवलेल्या, रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. त्यासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. हे सगळं उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेत आहे, ही कुणाची मेहेरबानी नव्हे. घोटाळा होतो तो वेळेचा. घरचे लोक डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन येतात, तोवर पेशंट सर्वसाधारण खाटेवर नोंदलेला असतो. भरती होतानाच रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज द्यावा, सोबत रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्याला वेळ लागणार असेल तर तसं अर्जात लिहून पोच घ्यावी.

आणि कार्यालयातल्या मुलांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी. पेशंटचे रिपोर्ट कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. आमदार झाला तरी तो डॉक्टरच आहे, आणि पेशंटने त्याला काय सांगितलं ते गुप्त ठेवायचा नियम त्याला अजून लागू आहे. शिफारसपत्रात आजाराचं नाव लागत नाही, भरतीचा क्रमांक आणि वॉर्ड पुरतो. फोन केलाच तर एवढंच विचारावं : आज निर्धन खाटा किती शिल्लक आहेत?