पत्र पोचेपर्यंत शिळं न होणारं

शनिवार, रात्र. रत्नागिरी.

इंदूरच्या काकूंना लिहिलेलं पहिलं पत्र आज दुपारचं टपाल निघायच्या आधी पेटीत पडलं. पावसाचं धरून आठवडाभर तरी लागेल पोचायला. गेले काही दिवस डोक्यात हेच चाललंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. बँकेतल्या मैत्रिणीच्या आईची ही शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन इंदूरला गेलेली, आता सत्तरीच्या पुढची. तिला पत्रं लिहायला फार आवडतं, पण उत्तर पाठवणारं कुणी उरलं नाही, असं मैत्रीण डबा खाताना बोलून गेली. मी तिथल्या तिथे पत्ता मागितला. अर्थात मैत्रिणीने आधी काकूंना फोन करून विचारलं, मगच दिला. पत्रमैत्री सुरू करायची असेल तर ओळखीच्या ओळखीतलं माणूस शोधावं, असं मला मनापासून वाटतं. पत्ता खात्रीचा असतो आणि मधलं एक माणूस दोघांनाही ठाऊक असतं. अगदीच अनोळखी कुणाला लिहायचं असेल तर पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो, त्याचा नंबर द्यावा. एकट्या राहणाऱ्या मुलींनी तर घरचा पत्ता देऊच नये.

पोस्टक्रॉसिंगही मी करते. २००५ साली पोर्तुगालमधल्या पाउलो मागल्याइश या तरुणाने हे संकेतस्थळ सुरू केलं. आपण जगातल्या एखाद्या सभासदाला कार्ड पाठवायचं, त्यावर संकेतस्थळाने दिलेला क्रमांक लिहायचा. कार्ड मिळालेल्याने तो क्रमांक तिथे नोंदवला की आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो आणि त्याचं कार्ड आपल्याकडे येतं. जर्मनी, फिनलंडची कार्डं माझ्याकडे आहेत आणि ती मला प्रिय आहेत. पण ज्याला पाठवलं त्याचं उत्तर येत नाही, त्यामुळे बोलणं पुढे सरकत नाही. हात बसायला मात्र हे फार चांगलं.

त्या कार्डांवरूनच एक गोष्ट लक्षात आली. बहुतेकांवर नाव, वय, नोकरी, छंद, मांजर असा मजकूर असतो. वाचून माणूस डोळ्यांसमोर उभं राहत नाही. आणि एका फिनिश बाईंनी फक्त एवढंच लिहिलं होतं की त्यांच्या तळ्यावरचं बर्फ वसंतात फुटतं तेव्हा रात्री घरात आवाज येतो. त्या बाईंचं वय मला माहीत नाही, पण त्या मला आठवतात.

फोनवर आपण सांगतो ते त्या क्षणाचं असतं. पोचले, जेवले, लाईट गेलीय. पत्रात हे घालून उपयोग नाही, आठवड्याने काकू वाचतील तेव्हा लाईट आलेली असेल. पत्रात काय लिहावं हे खरं तर वाटेत लागणारा वेळच ठरवतो. पोचेपर्यंत जे शिळं होणार नाही तेवढंच घालायचं. हा निकष लावला आणि कोऱ्या कागदासमोरचा अवघडलेपणा पुष्कळ कमी झाला. ‘आज इकडे धो धो पाऊस आहे’ हे वाक्य गळलं. त्याच्या जागी हे आलं:

‘काकू, आमच्याकडे पाऊस दिसायच्या आधी ऐकू येतो. पलीकडच्या सड्यावरून तो निघाला की झाडांवरचा आवाज आधी पोचतो आणि अंगणात थेंब नंतर पडतात. मधल्या वेळात दोरीवरचे कपडे काढून होतात. आई स्वयंपाकघरातूनच सांगते, आला गो.’

हे काकूंनी दिवाळीत वाचलं तरी चालेल.

प्रश्न दोनच विचारले. ‘तुम्ही कशा आहात’ला ‘बरी आहे’ एवढंच उत्तर येतं. म्हणून विचारलं, की इंदूरला गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात काय चुकल्यासारखं वाटलं? आणि तिकडे पोह्यांवर जीरावन भुरभुरतात, ते घरी करता का, त्यात काय काय घालता? पहिल्याला उत्तर द्यायचं नसेल तर दुसरं आहेच. अनोळखी माणसाला अशी मोकळीक ठेवावी.

कशावर लिहायचं यालाही महत्त्व आहे. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं, पण उघडं, वाटेतला कुणीही वाचू शकतो. आपल्याकडे १८७९ साली ते पाव आण्याला निघालं तेव्हापासून ते उघडंच आहे, आणि म्हणून त्यावर खुशालीच शोभते. मी अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र घेतलं. तीन घड्यांची निळी जागा पहिल्या पत्राला पुरते, लिहिणाऱ्यावर दडपण येत नाही आणि वाचणाऱ्यावरही तेवढ्याच लांबीच्या उत्तराचं ओझं पडत नाही. मात्र आत काही घालायचं नाही, फोटो नाही, वाळलेलं पान नाही. ते घालायचं तर पाच रुपयांचं पाकीट, वीस ग्रॅमपर्यंत. वजन जास्त वाटलं तर काउंटरवर तोलून घ्यावं, कारण तिकीट कमी पडलं की जेवढं कमी त्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल करतात, आणि पहिल्याच पत्राचे पैसे समोरच्याला भरायला लावणं बरं नाही. शाईचं पेन मला आवडतं, पण आमच्या दमट हवेत शाई कागदावर फुटते. बॉलपेनने लिहिलं.

पत्ता लिहिताना मन भरून आलं. आमचा पिनकोड ४१५ ने सुरू होतो, काकूंचा ४५२ ने. पहिला आकडा दोघींचा एकच, कारण महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड सगळे ४ मध्ये. पहिला आकडा विभाग सांगतो, दुसरा त्यातला उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस. एकाच नावाची अनेक गावं आणि दहा लिप्यांतले पत्ते असलेल्या देशात हे सहा आकडे बसवले श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. शाळेत आम्हाला हे नाव कुणी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. पाकिटावरच्या सहा चौकोनांमागे एक मराठी माणूस आहे हे प्रत्येक मुलाला कळायला हवं.

मायना लिहिताना ‘ती. काकूंना सा. न. वि. वि.’ असंच लिहिलं. मैत्रीण म्हणाली, आजकाल कोण लिहितं असं. पण काकू ज्या काळात पत्रं लिहायला शिकल्या त्या काळाचा मान त्यात आहे, आणि लिहिताना मलाही नीट बसल्यासारखं वाटलं. वर तारीख घातली, गाव घातलं. काय काय विचारलं ते वहीत उतरवून ठेवलं, नाहीतर उत्तर आल्यावर ते कशाचं हे कळत नाही.

उत्तर येण्याची वाट बघणार, पण मैत्रिणीकडून फोनवर चौकशी करायची नाही असं ठरवलंय. काकूंना वेळ लागेल, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. श्रावण संपेपर्यंत काही आलं नाही तर मी दुसरं पाठवेन, पहिल्याची आठवण न काढता. त्यासाठी वहीत विषय लिहायला घेतलेत: टाकळ्याची भाजी, शेजारच्या आजींच्या परड्यातली विहीर, आणि फणसाच्या आठळ्या. आठळ्या भाजायच्या की उकडायच्या यावर आमच्या घरी दोन पक्ष आहेत. ते नीट सांगायला एक अख्खं आंतरदेशीय लागेल.