काळं पाचाचं

दुकानदारानं नाणं एका बोटानं माझ्याकडं परत सरकवलं. "हे चालत नाही. काळं पडलंय."

पाचाचं होतं. टाकसाळीतून निघालं तेव्हा पिवळंधमक असणार, आता जुन्या गुळाच्या रंगाचं. मी म्हणालो, "पाच तर दिसतंय ना?" "मला दिसतंय हो. गिऱ्हाईक घेत नाही." परभणीत या उत्तरापुढं कुणाचं काही चालत नाही. दहाच्या नाण्याचं हेच झालं. चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगून टाकलं, तरी आमच्या गल्लीचा कायदा आपल्या जागी कायम.

नाणं घरी आणून साबणानं धुतलं. ते होतं तसंच. म्हणजे हा मळ नव्हता, नाण्याची कातडीच बदलली होती. या पाचात ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल असतं, पितळेचाच चुलतभाऊ. तांब्या-पितळेचं काय होतं ते देवाची भांडी घासणाऱ्या घरात सांगायला नको. हवेतला प्राणवायू तांब्याला धरतो आणि वर तपकिरी थर चढतो. तळहाताचा घाम, त्यातलं मीठ या कामाला घाई करतं. आमच्याकडं मे महिन्यात घामाला काय तोटा! नाण्याचे उंचवटे बोटांनी घासून उजळ राहतात, खोबणी काळ्या होतात. माझ्या नाण्यावरच्या सिंहांच्या आयाळी चकचकत होत्या आणि पायांशी अंधार होता.

एक गंमत सांगतो. चिल्लर मोजल्यावर हाताला जो 'लोखंडी' वास येतो, तो धातूचा नसतोच. धातूच्या स्पर्शानं आपल्याच त्वचेवरचं तेल फुटतं, त्याचा तो वास. आपण उगाच नाण्याला नाकं मुरडतो.

स्टीलच्या रुपयाला यातलं काही होत नाही. त्यात १७ टक्के क्रोमियम आणि बाकी लोखंड. क्रोमियम हवेशी जुळवून घेऊन अंगावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतं आणि पुढं कुणाला आत शिरू देत नाही. रुपया कळकट होतो, धुतला की पुन्हा तोच. वीस वर्षं फिरलेला रुपया आणि परवाचा रुपया शेजारी ठेवले तर थोरला कोणता ते कळत नाही. मला अशा नाण्याविषयी माया वाटत नाही.

माया होती ती आजीच्या हाली रुपयावर. निजामाचं राज्य १९४८ मध्ये गेलं, पण त्याचा रुपया पुढंही काही वर्षं इथल्या बाजारात होता. इंग्रजी रुपया तो 'कलदार', आपला तो 'हाली'. सहा कलदारांना सात हाली, हा हिशेब आजीला शेवटपर्यंत तोंडपाठ. रुपयावर चारमिनार आणि मधल्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर, ऐन. चांदी ८१.८ टक्के. चांदीला प्राणवायूचं काही वाटत नाही, तिचं वैर गंधकाशी. हवेतल्या, धुरातल्या गंधकानं ती काळी पडते. आजीचा रुपया चुलीमागच्या फडताळात असायचा, म्हणजे वर्षभर धुरातच. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती ओल्या रांगोळीनं तो खसाखसा घासायची आणि पांढरंशुभ्र चारमिनार पाटावर बसायचं. काळा थर म्हणजे गंधक लागलेली चांदीच असते, त्यामुळं दर दिवाळीला थोडी चांदी रांगोळीबरोबर मोरीत जात होती. शेवटी ते अक्षर बोटालाही लागेना. जुनी नाणी जमवणारे हे ऐकून कपाळाला हात लावतात. त्यांच्या लेखी तो काळेपणाच किमतीचा. आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, लक्ष्मी काय तोंड न धुता बसवायची?

परवा गंगाखेडला गेलो होतो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो आणि गंगेत नाणं टाकल्याशिवाय पूल ओलांडत नाही. घाटावर एक पोरगा जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून पाण्यात सोडत होता. रुपये, दोनाची नाणी चिकटून वर येत होती.

"पाचाचं येत नाही का रे?"

"पिवळं चुंबकाला लागत न्हाई. त्याला बुडी मारावी लागती."

त्यानं खिशातून दोन पाचाची काढून दाखवली. कोळशासारखी. तळच्या गाळात हवा पोचत नाही, कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि तो तांब्याला पार काळं करून सोडतो. मी माझं नाणं त्याच्यासमोर धरलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं.

"हे तर लई उजळ हाय."

"दुकानदार घेत नाही."

तो खाली बसला, ओली वाळू घेतली आणि अंगठ्यानं नाणं रगडत राहिला. पाण्यात बुचकळून वर धरलं, तर कडेनं पिवळं दिसायला लागलं होतं.

"आता चालतंय," म्हणाला आणि आपल्या खिशात टाकलं.