तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरचा राजा

"परक्या राजाचं सुतक तुम्ही कशाला पाळताय?" घरी येणारा दर तिसरा माणूस चहा पिता पिता भिंतीवरच्या चौकटीकडे बघून हे विचारतो. पुढचा प्रश्न किमतीचा. तो आधी संपवतो: फार नाही.

चौकटीत आहे एक टपाल तिकीट: बेल्जियन काँगोचं, १९३४ चं, दीड फ्रँकचं, काळंकुट्ट. पहिला आल्बेर त्या वर्षी १७ फेब्रुवारीला मार्श-ले-दामचा कडा चढताना पडून गेला, त्याच्या दुखवट्याचं. राजा बेल्जियमचा, पण सुतक वसाहतीलाही.

रबरापायी काँगोतल्या लोकांचे हात तोडले ते आधीच्या राजाच्या, दुसऱ्या लिओपोल्डच्या काळात; आल्बेर त्याचा पुतण्या. १९१४ मध्ये यानं जर्मनांना वाट दिली नाही, सैन्याबरोबर बेल्जियममधल्या इझर नदीकाठी राहिला, असं मी वर्षानुवर्षं पाहुण्यांना ऐकवत आलो. त्यात खोटं काही नाही. सक्तीची कापूस-लागवड मात्र याच्याच राजवटीतली, ते मी गाळायचो.

मग शेजारी भाड्यानं राहणारा काँगोचा एक विद्यार्थी कुरिअर द्यायला आला. मी सवयीनं इझर सुरू केलं. त्याचं लक्षच नव्हतं. भिंग मागितलं, चौकट उतरवून खिडकीशी तिरकी धरली. काळ्या तिकिटावर काळा शिक्का. मला तो कायम डागच वाटत आलेला. त्यानं एकेक अक्षर लावलं: एलिझाबेथव्हिल. म्हणजे आताचं लुबुम्बाशी. त्याचं गाव! तिकिटावर राजा आणि शिक्क्यात त्याची राणी, कारण ते शहर तिच्याच नावाचं. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्यानं फोनवर फक्त शिक्क्याचा फोटो काढून आईला पाठवला, आणि विचारलं, "पाकीट कुठंय? कुणी कुणाला लिहिलं होतं?"

"हरवलं," मी म्हणालो.

हरवलं नव्हतं. बारा वर्षांचा असताना जुन्या बाजारातून आणलेलं ते पाकीट मी ताटलीत कोमट पाण्यात भिजत घातलं. तिकीट अलगद सुटलं. जांभळ्या शाईतला पत्ता पाण्यात पसरत गेला आणि मी तो लगदा मोरीत ओतला. तेव्हा सगळे असंच करायचे. पाकिटासकट ठेवायचं असतं हे त्या पोराला कोण सांगणार होतं? पण पत्ता वाचावासाही वाटला नव्हता त्याला, राजाचं तोंड तेवढं हवं होतं. या मुद्द्यावर माझं त्याच्याशी अजून भांडण चालू आहे, आणि तो काही ऐकत नाही.

चौकट काढून टाका, असं तुमच्यापैकी दोघांनी सांगितलं. काढली नाही. शिक्का दिसावा म्हणून तिच्यावर एक दिवा तिरका लावलाय. त्यानं राजाही जास्त उजळतो, त्याला माझा इलाज नाही.