आमची वाटचाल : दहा दिवसांचं बिल आणि एक कपातीची ओळ

दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल ज्यानं कधी हातात घेतलंय, त्याला आमचा धंदा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. खाली पशुखाद्य, उचल, अनामत, भाग (शेअर) अशा कपाती, आणि तळाला हाती येणारा पैसा. २००९ साली कराडात फर्म सुरू केली तेव्हापासून आम्ही हे बिल वेब अॅप्लिकेशनमधून छापतो आहोत. कराड, पाटण आणि वाळवा तालुक्यांत आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या संस्था आहेत. पंधरा वर्षांहून जास्त काळ आमचं नाव एका टेम्प्लेटच्या, म्हणजे छपाईच्या साच्याच्या, फाईलवर टिकून राहिलं, आणि एकदा त्याच फाईलनं ते जवळपास बुडवलं.

सुरुवात साध्या पीएचपीची. प्रत्येक पानात मेनू वेगळा चिकटवलेला. मेनूत ‘पशुखाद्य साठा’ ही एक ओळ वाढवायची तर चाळीसेक फाईली उघडायच्या, आणि त्यातली एखादी सुटायचीच. मग मेनू, वरची पट्टी आणि तळ वेगळ्या फाईलींत काढून इन्क्लूड करायला, म्हणजे पानात बोलवून जोडायला लागलो. त्यातही एक चूक होती. टेबलाचा उघडणारा टॅग वरच्या फाईलीत आणि बंद होणारा तळाच्या फाईलीत. अशी अर्धी फाईल एकटी कुणालाच वाचता येत नाही. मध्ये कुणी एक जादा डिव्ह बंद केला की सगळं पान एका बाजूला कलंडतं आणि चूक तिसऱ्याच फाईलीत शोधली जाते. नव्यानं काम शिकणाऱ्यांना सांगणं एवढंच, की जो तुकडा तोडाल तो स्वतःपुरता पुरा असू द्या. जे त्यात उघडलं ते त्यातच बंद झालं पाहिजे.

२०११ मध्ये कोडइग्नायटर या पीएचपीच्या तयार चौकटीवर (फ्रेमवर्कवर) आलो. हलकं होतं, स्वस्तातल्या होस्टिंगवर चालायचं आणि गावातल्या नेटलाही झेपायचं. बिलाचा तुकडा तिथंच घडला. नोंदींचं टेबल एका फाईलीत ठेवलं. सभासदाचं गाय आणि म्हैस दोन्ही दूध असेल तर तीच फाईल दोनदा बोलवायची, एकदा गाईच्या नोंदी देऊन, एकदा म्हशीच्या. म्हशीचं दूधच नसेल तर दुसरं टेबल येत नाही. हाच तुकडा रोजच्या पावतीलाही चालायचा, फक्त पावतीत कपाती नसतात. तेव्हा तुकड्याच्या तळाशी आम्ही एक अट लिहिली, ‘कपात नावाचं व्हेरिएबल असेल तर कपातीच्या ओळी दाखव’. व्हेरिएबल आहे का एवढंच विचारणारं पीएचपीतलं इसेट. पावतीकडून कपात येत नाही, म्हणून ओळी दिसत नाहीत. बिलाकडून येते, म्हणून दिसतात. एक फाईल, दोन कामं. आम्हाला तिचा फार अभिमान होता.

आता २०१४ ची दिवाळी. संस्थांची घाई याच दिवसांत असते, कारण दिवाळीचा फरक (वर्षभराच्या दुधाच्या दरातला फरक) आणि बिल सभासदाच्या हातात एकाच वेळी पडतं. त्याआधीच्या महिन्यात एकामागून एक सभासदाचं बिल काढणाऱ्या लूपमध्ये आम्ही एक बदल केला होता. ज्याची कपात नाही त्याच्या माहितीत कपातीचा खणच भरायचा नाही, म्हणजे रिकामं टेबल छापलं जाणार नाही आणि कागद वाचेल.

कोडइग्नायटरचा लोडर मात्र एका व्ह्यूला, म्हणजे टेम्प्लेटच्या फाईलीला, दिलेली माहिती विसरत नाही. ती आपल्या साठ्यात मिसळून ठेवतो, आणि त्याच विनंतीत, म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या त्याच मागणीत, पुढं जे जे व्ह्यू लोड होतील त्या सगळ्यांना तो साठा एक्स्ट्रॅक्ट करून, म्हणजे प्रत्येक खणाचं व्हेरिएबल करून, उघडून देतो. नवी माहिती आली तर जुनीवर चढते. नाही आली तर जुनीच राहते. म्हणजे ४७ नंबरच्या सभासदाची पशुखाद्याची कपात १,३५० रुपये असेल आणि ४८ नंबरच्याची काहीच नसेल, तर ४८च्या बिलासाठी कपातीचा खण भरला जात नाही, पण साठ्यात ४७चा खण तसाच पडून असतो. इसेट विचारतं ‘आहे का?’ आणि उत्तर येतं ‘आहे’. ४८च्या बिलावर ४७चं पशुखाद्य छापलं जातं. ४९, ५० आणि पुढं कपातवाला सभासद येईपर्यंत सगळ्यांच्या बिलांवर तेच.

पैसे बरोबर होते, हे आम्ही तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. हाती येणारी रक्कम कंट्रोलरमध्ये, म्हणजे टेम्प्लेटला माहिती पुरवणाऱ्या कोडमध्ये, आधीच निघत होती, त्यामुळे कुणाचाही रुपया कमी झाला नाही. चूक फक्त कागदावर होती. पण सभासद पाहतो तो कागदच. ज्यानं पोतंभर पेंडही उचलली नाही त्याच्या बिलावर पेंडीचे पैसे, आणि खालची बेरीज जुळत नाही. सकाळी दूध घालायला आलेली माणसं बिलं हातात घेऊन संस्थेच्या दारात उभी राहिली.

तपासणीत हे का सापडलं नाही, हे फार थोडे लोक विचारतात, म्हणून सांगतो. चाचणीसाठी आम्ही बारा सभासद ठेवले होते आणि कपातवाले दोघे यादीत शेवटी होते. ही गळती पुढच्याच दिशेनं होते. कपातवाला शेवटी असेल तर पुढं गळायला कुणी उरतच नाही. तेच दोघे यादीत पहिले असते तर दुसऱ्या मिनिटाला कळलं असतं. लूपमध्ये फिरणारा कुठलाही तुकडा तपासताना ‘आहे’ आधी आणि ‘नाही’ नंतर, या क्रमानं तपासा. उलट क्रमानं केलेली तपासणी तुम्हाला काहीच सांगत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. कपात नसेल तर खण सोडून न देता रिकामी यादी पाठवायची, आणि टेम्प्लेटमध्ये इसेट काढून ‘यादीत काही आहे का’ असं विचारायचं. व्हेरिएबल आहे की नाही हा प्रश्न टेम्प्लेटच्या जडणघडणीचा असतो, सभासदाला कपात आहे का हा प्रश्न व्यवहाराचा. दोन्ही एका अटीत कोंबले की एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर मिळतं. पुढं कोडइग्नायटरच्या तिसऱ्या आवृत्तीत तो साठा रिकामा करण्याची सोय आली, पण तोवर आमचं व्हायचं ते झालं होतं.

कारण दरम्यान आमच्याच भागातला एक सॉफ्टवेअरवाला त्या चुकीच्या बिलाच्या झेरॉक्स घेऊन संस्था-संस्था फिरला. नाव लिहीत नाही. हाती येणारी रक्कम बरोबर आहे हे त्यालाही दिसत होतं, पण त्यानं कागदाचा वरचा भाग तेवढा दाखवला. चौदापैकी नऊ संस्था तीन महिन्यांत गेल्या. त्याच दिवसांत कोडइग्नायटरचीही खात्री वाटत नव्हती. ते बनवणाऱ्या एलिसलॅब कंपनीनं २०१३ मध्येच त्यासाठी नवा धनी शोधत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे गेलं. हेही त्या माणसानं आमच्या गिऱ्हाइकांना सांगितलं. त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर म्हणजे प्रत्येक संस्थेसाठी सगळ्या फोल्डरची वेगळी नक्कल. दरपत्रक बदललं की प्रत्येक नकलेत वेगळा बदल. आणि त्याच्या बिलावर ‘एकूण कपत’ असं छापलेलं आहे. ती कान्याची चूक २०१२ मध्ये आमच्याच टेम्प्लेटमध्ये होती. आम्ही ती दुरुस्त केली. त्याच्याकडे ती अजून आहे. यातून काय समजायचं ते ज्यानं-त्यानं समजावं.

उरलेल्या पाच संस्थांपैकी एका संस्थेच्या सचिवांना सगळा गाव आण्णा म्हणतो. त्या दिवशी त्यांनी सभासदांना आत बसवलं, आमच्याकडून नोंदवही मागवली आणि प्रत्येकाची रक्कम हातानं बेरीज करून दाखवली. दुपारी आम्हाला फोन केला, “पैसं बरोबर हाईत, म्हणून तुम्ही हितं हाय. पण पुढच्या बिलाला माझ्या माणसाच्या कागदावर त्याचंच दिसाय पायजे.” पुढच्या दहा दिवसांचं बिल आम्ही त्यांच्या संस्थेत बसून छापलं. आजही नवा तुकडा आधी त्यांच्याकडे जातो.

२०१६ मध्ये सगळं लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कवर आणलं. आधी वाटलं, ब्लेडमध्ये, म्हणजे लाराव्हेलच्या टेम्प्लेटमध्ये, हा रोग नसेल. पूर्ण तसं नाही. ब्लेडचा साधा इन्क्लूड पालक व्ह्यूमधली, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पानातली, सगळी व्हेरिएबलं आत नेतो. पानावर ‘नोंद’ नावाचं काही असेल आणि तुकड्यातही ‘नोंद’ असेल, तर तुम्ही द्यायला विसरलात तरी तुकडा पानावरची नोंद गुपचूप वापरतो. ईच हा निर्देश मात्र पालकाची व्हेरिएबलं आत नेत नाही, म्हणून यादीच्या ओळींसाठी आम्ही तो वापरायचो. खरी सुटका झाली ती मार्च २०२० मध्ये लाराव्हेल ७ बरोबर आलेल्या एक्स-टॅगच्या कंपोनंटनं, म्हणजे स्वतःचा टॅग असलेल्या तुकड्यानं. त्यात जे हातानं द्याल तेवढंच आत जातं, आणि काय लागतं ते प्रॉप्सच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. इथं एक पथ्य पाळा. जे आलंच पाहिजे, म्हणजे सभासद, नोंदी, कालावधी, त्याला डिफॉल्ट किंमत देऊ नका. विसरलात तर अज्ञात व्हेरिएबलची चूक येते आणि लाराव्हेल पान तिथंच थांबवतं. ते थांबणं हवंच असतं. दोन प्रश्नचिन्हांचं, ‘नसेल तर हे घे’ सांगणारं चिन्ह लावून ती चूक गप्प केली, की २०१४ परत आलं समजा.

दुसरी गोष्ट शून्याची. मायएसक्यूएलमधला डेसिमल कॉलम पीएचपीत मजकूर म्हणून येतो. ‘०’ हा मजकूर पीएचपी खोटा मानतं, पण ‘०.००’ हा मजकूर खरा मानतं. त्यामुळे नुसतं ‘इफ कपात’ लिहिलं तर शून्य रुपये शून्य पैशांची कपात दिमाखात छापली जाते. रकमेची अट कायम ‘शून्यापेक्षा जास्त आहे का’ अशी लिहा, आणि शक्यतो टेम्प्लेटमध्ये लिहूच नका. आमच्याकडे ‘कपात दाखवायची का’, ‘म्हैस टेबल दाखवायचं का’ हे होय-नाही बिल तयार करणारा क्लास ठरवतो. टेम्प्लेट फक्त उत्तर वाचतं. तीनपेक्षा जास्त होय-नाही एका तुकड्याला द्यावे लागले, की तो तुकडा दोन कामं करतोय असं आम्ही धरतो आणि फोडतो. रोजची पावती म्हणूनच आता वेगळी फाईल आहे. पंधरा ओळी दोनदा लिहिल्या गेल्या, चालतं. दोनदा लिहिणं परवडतं, चुकीचं जोडणं परवडत नाही. तिसऱ्यांदा तेच लिहायची वेळ आली तर मग तुकडा काढावा.

संस्थेगणिक फरक असतातच. कुणाला फॅटशेजारी लॅक्टोमीटरची डिग्री हवी, कुणाला एसएनएफ, कुणाला अनामत वेगळ्या चौकटीत. एके काळी आमच्याही टेम्प्लेटमध्ये ‘संस्था सात असेल तर’ अशा अटी साठल्या होत्या. आता कॉलम दाखवायचा की नाही एवढाच फरक असेल तर तो संस्थेच्या सेटिंगमध्ये जातो. मांडणीच वेगळी असेल तर ब्लेडचा इन्क्लूडफर्स्ट हा निर्देश. त्याला दोन नावं द्यायची, आधी त्या संस्थेच्या फोल्डरमधली फाईल, मग सर्वांची. पहिली सापडली तर ती, नाही तर दुसरी. सध्या तीनच संस्थांना स्वतःची फाईल आहे.

आणि हे सगळ्यांना बजावून सांगतो, बटण लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. ‘दर बदला’ हे बटण ब्लेडच्या कॅनमध्ये, म्हणजे हक्क असेल तरच दाखवणाऱ्या अटीत, ठेवलं की लेखनिकाला दिसत नाही, इतकंच. पत्ता माहीत असेल तर विनंती पोचते. तोच हक्क कंट्रोलरवर किंवा रूटवर (पत्त्याच्या नोंदीवर) पुन्हा तपासला पाहिजे. सीएसएसनं, म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांनी, लपवलेलं तर पानाच्या सोर्समध्ये अक्षरशः लिहिलेलं असतं.

छपाईबद्दल थोडं, कारण शेवटी तो तुकडा कागदावरच उतरतो. ए-फोरवर तीन बिलं, म्हणजे २९७ भागिले ३, प्रत्येकी ९९ मिलिमीटर. दहा दिवसांच्या वीस नोंदी त्यात बसतात. पण ३१ दिवसांच्या महिन्यात तिसऱ्या बिलाला बावीस नोंदी होतात आणि शेवटची ओळ खालच्या बिलात घुसते. म्हणून टेबलाचं माप बावीस ओळींवर धरायचं. फेब्रुवारीत सोळाच (लीप वर्षी अठरा) असतात, मोकळं राहील, राहू द्या. बिल मध्येच तुटू नये म्हणून पानतोड टाळण्याचा सीएसएस नियम लावतो, पण बिल फ्लेक्सच्या डब्यात ठेवलं तर तो नियम ब्राउझर कैक वेळा पाळत नव्हते, म्हणून छपाईपुरता साधा ब्लॉक ठेवतो. पीडीएफला आधी डोमपीडीएफ ही पीएचपीची लायब्ररी वापरली. ती देवनागरीची जुळणी करत नव्हती. ‘शिल्लक’मधली वेलांटी श ओलांडून पुढं बसायची आणि जोडाक्षर फुटून हलन्त दिसायचा. एमपीडीएफ या दुसऱ्या लायब्ररीत फॉन्टला ओटीएल (अक्षरजुळणीची सोय) चालू केलं, तेव्हा अक्षर जागेवर आलं.

एकाच वेळी चारशे सभासदांची बिलं काढायची असली तर आणखी एक खड्डा असतो. तुकड्याच्या आत प्रत्येक सभासदाच्या कपाती डेटाबेसकडून मागितल्या की चारशे एक क्वेऱ्या होतात आणि बिलं निघायला मिनिटं लागतात. सगळ्यांच्या कपाती लाराव्हेलचं विथ लावून आधीच एकत्र आणा. लाराव्हेल ८ पासून लेझी लोडिंग, म्हणजे लागेल तेव्हा एकेक मागणं, बंद करण्याची सोय आहे, ती विकसनाच्या मशीनवर चालू ठेवा, म्हणजे विसरलात तर तिथंच चूक येते.

गेलेल्या नऊपैकी चार संस्था परत आल्या, नव्याही जोडल्या गेल्या. पाच आजही तिकडंच आहेत. चाचण्या आता आपोआप चालतात. व्ह्यूला दोन सभासद देऊन दुसऱ्याच्या बिलात पहिल्याची रक्कम दिसत नाही ना, हे लाराव्हेलची असर्टडोन्टसी ही चाचणी कोडमधल्या प्रत्येक बदलाला तपासते. तरीही दर दहा दिवसांनी आण्णांच्या संस्थेत आधी दोनच बिलं निघतात, एक कपात असलेल्याचं आणि लगेच त्याखाली कपात नसलेल्याचं. आण्णा दोन्ही खिडकीपाशी नेऊन चष्म्यातून बघतात, खालची बेरीज करतात, आणि मग बाकीची छपाई सुटते.